साळवे सरांची चिप

"माझी चिप कुठाय?"

साळवे सरांनी डबा काउंटरवर एवढ्या जोरात आपटला की माझ्या चहाचा कप बशीत हिंदकळला. दुपारची वेळ, बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची तपकीर गल्ली भरलेली, दुकानात गिऱ्हाइकं उभी. सगळे वळून बघायला लागले.

"डब्यातच आहे, सर," मी म्हटलं. "काय झालं?"

"काय झालं म्हणून मलाच विचारतेस? तीनशे आठ नंबरची चिप होती ह्यात. तुझ्या बापानं स्वतःच्या हातानं बसवलेली. तू वायर खोचायचा जॅक बदलायला म्हणून डबा ठेवून घेतलास, चिप काढलीस आणि भलतंच काहीतरी डकवून दिलंस. उभा जन्म गिटार वाजवण्यात गेला माझा, शैला. मला फसवतेस?"

माझ्या कानशिलांपर्यंत गरम झालं. ढवळे इलेक्ट्रॉनिक्स हे दुकान बाबांनी उभं केलेलं. बाजारात जुन्या चिपांवरचे नंबर घासून नवे छापायचा धंदा जोरात होता, आणि त्या बाजारात 'ढवळ्यांकडून घे, तिथे घासलेलं मिळत नाही' असं लोक सांगायचे. बाबा गेले तेव्हा माझ्यासाठी मागे एवढं एकच वाक्य राहिलं होतं, आणि हा माणूस भर दुपारी गिऱ्हाइकांसमोर ते पुसत होता.

समोरच्या दुकानातले मुनोतशेठ तेवढ्यात रस्ता ओलांडून आलेच. सुटे पार्ट विकायचा त्यांचा धंदा, पण खरी आवड गल्लीतल्या बातम्यांची. "काय झालं, सर?" त्यांनी गोड आवाजात विचारलं.

"चोरी झाली," सर म्हणाले.

डेव्हिड साळवे म्हणजे पुण्यातल्या निम्म्या गिटारवाल्यांचे गुरू. चर्चच्या क्वायरपासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळीकडे वाजवलेले. कडक इस्त्रीचा शर्ट, मागे फिरवलेले पांढरे केस, आणि आवाज असा की बोलले तरी दटावल्यासारखं वाटायचं. वाजवताना त्यांच्या पायाखाली असायचा तो डबा बाबांनी बनवला होता. गिटारचा साधा आवाज त्यात शिरला की फाटून, जाड होऊन बाहेर यायचा. त्या फाटण्यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. तसे डबे बाजारात ढिगानं मिळत. पण सरांचा डबा फाटायचा तो वेगळाच. नवीन खादीचं कापड टरकावल्यासारखा, रुंद आणि खरबरीत, पण कानाला कुठेही टोचायचं नाही.

त्याचं कारण ती चिप. चिप म्हणजे आवाज मोठा करणारा ऑप अँप, आणि ही तीनशे आठ मुळातच मंद. तार छेडल्यावर आवाजाला जो टोकदार काठ येतो, त्याच्या वेगानं तिला पळताच येत नाही. ती मागे पडते, आणि मागे पडता पडता तो काठ गोल करून टाकते. शिवाय तिच्या दोन पायांत एक इवलासा कपॅसिटर लावावा लागतो, नाहीतर ती बेफाम होऊन स्वतःच शिट्ट्या मारते. बैलाच्या वेसणीसारखा तो कपॅसिटर. घट्ट धरला की आवाज मऊ, सैल सोडला की धारदार. बाबा एकेक कपॅसिटर लावत गेले आणि सर एकेक ऐकत गेले, असं त्या दोघांचं कित्येक दिवस चाललं होतं. मी तेव्हा शाळेत होते. सरांनी डोळे मिटून "बस, दिगंबर, हाच" म्हटलेलं मला आठवतं.

आणि आता तेच सर मला चोर म्हणत होते.

"उघडते," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर उघडते. बघा."

मी झाकणाचे स्क्रू काढले. आत बाबांची बारीक, नेटकी जोडणी. मधोमध चिप, आणि तिच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. तो ठिपका सरांनीच त्यांच्या बायकोच्या, रूथकाकूंच्या, बाटलीतून लावला होता, कुणी चिप बदललीच तर कळावं म्हणून.

"हा घ्या तुमचा ठिपका," मी म्हटलं.

सरांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं. एक क्षण ते गोंधळले, मग मान झटकली. "नेलपॉलिश काय, कुठेही मिळतं."

मुनोतशेठ हसले. मला त्या दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

"म्हणजे मी तुमची चिप चोरली, दुसरी आणली, आणि वर बसून तिला नेलपॉलिश लावलं?"

"हुशार आहेस तू. दिगंबरपेक्षा हुशार आहेस, हाच तर घोटाळा आहे."

मी दात आवळले आणि मीटर घेतला. जोडणी कुठे तुटली नाही ना, एवढं तरी बघावं म्हणून चिपच्या एकेका पायाला टोक लावत गेले. जोड शाबूत असला की मीटर 'पीं' करतो. पीं, पीं, पीं. सगळे जोड शाबूत.

"बघ," सर म्हणाले, "तुझा मीटरसुद्धा मुका झालाय. दुकान कसं चालवतेस कोण जाणे."

हाही एक टोमणाच, असं मी धरून चालले. राग आला की माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही. मला त्या वेळी फक्त टोमणे ऐकू येत होते.

"पुढच्या रविवारी माझा सत्कार आहे," सर मुनोतशेठना सांगत होते. "माझे सगळे विद्यार्थी जमणार. शेवटचा मोठा कार्यक्रम. त्यात मी ह्या असल्या गोधडीतून वाजवू? आवाज कसा येतोय माहितीये? तोंडावर गोधडी घेऊन ओरडल्यासारखा. मी स्टेजवर माईक हातात घेणार आणि माझा आवाज कुणी चोरला ते नाव घेऊन सांगणार."

"नाव घ्या, सर," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "खुशाल घ्या. पण आधी इथे बसा. मी ह्या चिपच्या जागी सॉकेट लावते, म्हणजे चिप नुसती खोचता-काढता येते. मग माझ्याकडे आहेत नाहीत तेवढ्या चिपा, तेवढे कपॅसिटर एकेक करून लावते. तुम्ही कानानं निवडा. शेठ, तुम्हीही बसा. साक्षीदार लागेलच."

शेठनी लगेच स्टूल ओढलं. सरांना माघार घेणं शक्य नव्हतं. त्यांनी माझ्या टेबलामागची जुनी गिटार मांडीवर घेतली.

मी सोल्डर वितळवून चिप काढली, सॉकेट बसवलं. पहिल्यांदा त्यांचीच चिप परत लावली. ठिपक्यासकट. मग डबा गिटारला आणि टेबलावरच्या अँपला, स्पीकरच्या पेटीला, जोडला.

सरांनी तार छेडली आणि माझ्या अंगावर काटा आला. तोच आवाज, बाबांचा. गल्लीतून जाणारा एक जण क्षणभर दारात थबकला.

"ऐकलंस?" सर म्हणाले. "गोधडी."

मी शेठकडे बघितलं. ते खांदे उडवून म्हणाले, "मला तर झकास वाटला."

"तुम्हाला ट्रान्झिस्टर विकायचे कळतात, आवाज कळत नाही," सरांनी त्यांना गप्प केलं.

मी कपॅसिटर काढून त्याहून लहान लावला. वेसण सैल केली. आवाजाला धार आली, जरा टोचायला लागला.

"हं. थोडा उघडला."

त्याहून लहान. आता कानाला खुपत होतं.

"अजून. अजून दाबून ठेवलायस तू."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाहिजे ना धार, घ्या. मी तीनशे आठ काढली आणि एक आधुनिक, भलतीच वेगवान चिप खोचली. तिला बाहेरच्या वेसणीची गरजच नसते, आणि काठ गोल करायला ती मागेही पडत नाही. त्यात सरांनी गेनचं, म्हणजे आवाज फुगवायचं, बटण शेवटपर्यंत फिरवलेलं, झाकण उघडं, तारा टेबलावर पसरलेल्या, गिटारकडून आत येणारी तार अँपकडे बाहेर जाणाऱ्या तारेवर पडलेली. सरांनी सगळ्या तारा एकदम छेडून एक सणसणीत कॉर्ड मारला. करवत पत्र्यावर चालवल्यासारखा आवाज आला. मग त्यांनी गिटारच्या तारांवर पंजा ठेवला. कॉर्ड थांबला.

शिट्टी थांबली नाही.

बाहेरची तार आतल्या तारेला आवाज पुरवत होती आणि चिप तोच पुन्हा पुन्हा मोठा करत होती. बारीक, सलग, सुईसारखी शिट्टी. शेठनी दोन्ही कानांत बोटं घातली. एक गिऱ्हाईक "अहो, बंद करा ते!" म्हणत पायरी उतरलं. माझे दात शिवशिवले.

सर हसत होते. किती तरी दिवसांनी घरी आल्यासारखा चेहरा. तारांवर हात तसाच ठेवून ते समाधानानं म्हणाले, "हाच. हाच माझा आवाज! आणि बघ, वाजवायचं थांबलो की कसा शांत आहे. जरासुद्धा खरखर नाही."

शिट्टी चालूच होती.

माझा हात अँपच्या बटणापाशी गेला आणि तिथेच राहिला. मग मला मीटर आठवला. पीं, पीं, पीं. 'मुका झालाय.' मी बटण बंद केलं. दुकानात एकदम शांतता पसरली. सरांना कुठलाच फरक जाणवला नाही. शेठनी कानांतली बोटं काढली आणि ते माझ्याकडे बघायला लागले, पण त्यांना काही उमगलं नव्हतं. त्यांना वाटलं, माझं मशीनच खराब आहे.

दारात रूथकाकू उभ्या होत्या. सरांना शोधत आल्या असाव्यात. ती शिट्टी त्यांनी पायरीवरूनच ऐकली होती, आणि शिट्टीत बसून हसणारा नवरा पाहिला होता. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की त्यांना आज हे नव्यानं कळत नव्हतं.

"कबूल कर," सर मला म्हणाले. "ही माझी खरी चिप. इतका वेळ लपवून ठेवली होतीस."

मी तोंड उघडलं. एकच वाक्य बोलायचं होतं. त्या वाक्यानं माझ्या बापाचं नाव, माझं दुकान, गल्लीतली पत, सगळं जागच्या जागी बसलं असतं. शेठ तर ते झेलायला टपूनच बसले होते.

"डबा ठेवून जा," मी म्हटलं. "शनिवारी देते."

रूथकाकूंनी सरांना रिक्षात बसवलं आणि पर्स विसरल्याचं निमित्त करून त्या परत आल्या. मी त्यांना दुकानाशेजारच्या जिन्याखाली गाठलं.

"कधीपासून?"

"हळूहळू गेलं," त्या म्हणाल्या. "बोलणं कळतं त्यांना, पण समोर उभं राहून बोलावं लागतं. बारीक आवाज गेले सगळे. कुकरच्या शिट्ट्या मीच मोजते. बेल वाजली तर मीच उठते. त्यांना वाटतं, बेल बिघडली आहे. मी दोनदा नवी आणली."

"दोनदा बेल आणलीत, पण त्यांना सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? जन्मभर ड्रमच्या झांजेशेजारी उभे राहिले. त्यांना कानांशिवाय काय आहे, शैला?"

"आणि मला काय आहे, काकू? ते मला चोर म्हणाले. मुनोतशेठच्या समोर! संध्याकाळपर्यंत बुधवार पेठेत कुणाला सांगायचं उरणार नाही."

काकू 'सांगू नकोस' म्हणाल्या असत्या, तर मी चिडून सांगूनही टाकलं असतं. त्या नुसत्या रडल्या, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "रविवारचं होऊन जाऊ दे. मग मी नेते त्यांना डॉक्टरकडे. तुला पटेल ते कर."

तुला पटेल ते कर! मला त्यांचाही राग आला. सगळ्यांनी आपापलं ओझं उचलून माझ्या काउंटरवर आणून ठेवायचं आणि वर म्हणायचं, तुला पटेल ते कर.

शनिवारपर्यंत मी रागातच काम केलं. हे मी सरांवरच्या दयेपोटी केलं असं कुणी म्हणू नये. दया येण्याइतकी जागाच मनात नव्हती. पण ती वेगवान चिप भरलेला डबा त्या सभागृहात वाजला असता, तर हॉलभर लोकांनी कान चोळले असते आणि म्हणाले असते, हाच का तो ढवळ्यांचा आवाज? ते मी होऊ देणार नव्हते. आणि जुनी चिप लावली असती, तर सर वाजवायलाच बसले नसते.

मी मोठा डबा घेतला. आत दोन वाटा केल्या. गिटार आत आली की तिचे दोन भाग व्हायचे. एक वाट बाबांच्या जुन्या जोडणीतून, ठिपकेवाल्या तीनशे आठमधून, बाबांनी लावलेल्या त्याच कपॅसिटरसकट, सभागृहातल्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या मिक्सरकडे जायची. दुसरी त्या वेगवान चिपमधून सरांच्या पायाशी ठेवायच्या छोट्या मॉनिटरकडे, वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून असतो त्या स्पीकरकडे. तारा आखूड, एकमेकींपासून लांब, मध्ये पत्रा, झाकण बंद. शिट्टीला जागाच ठेवली नाही. एक आवाज त्यांच्यासाठी, एक बाकीच्या जगासाठी.

सर शनिवारी आले, मॉनिटरवर वाजवून बघितलं आणि मान डोलावली. "दोन वायरी कशाला?"

"हॉलमध्ये घरघर येऊ नये म्हणून," मी समोर उभं राहून, सावकाश म्हटलं.

"शहाणी झालीस," ते म्हणाले. थँक्यू नाही, काही नाही.

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. मी मिक्सरच्या टेबलापाशी उभी राहिले, कारण साउंडवाल्यानं चुकून मॉनिटरची वायर बाहेर जोडली असती तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. शेजारच्या खुर्चीत मुनोतशेठ येऊन बसले. अशा ठिकाणी ते यायचे राहतात थोडेच.

सत्काराची भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. मग सरांनी गिटार गळ्यात घातली आणि पायानं डबा दाबला.

काय वाजवलं त्यांनी! बोटं तीच होती, त्यांना काही झालं नव्हतं. तो रुंद, खरबरीत आवाज सगळ्या हॉलवर पसरला आणि माझ्या पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं एकमेकांचे हात धरायला लागली. स्टेजला अगदी चिकटलेल्या दोघातिघांनी कपाळाला आठ्या घातल्या, मॉनिटरचा धारदार आवाज तेवढ्यांनाच लागत होता. बाकी सगळे बाबांची चिप ऐकत होते. सर एकटे डोळे मिटून भलतंच काहीतरी ऐकत होते आणि सुखात होते. मला रडू आलं, आणि ते आल्याचा पुन्हा राग आला.

टाळ्या थांबेनात. सरांनी हात वर करून लोकांना शांत केलं आणि माईक ओढून घेतला.

"आज हा आवाज तुम्ही ऐकलात," ते म्हणाले, "तो मला मिळणारच नव्हता. माझी चिप चोरीला गेली होती. कुणी नेली ते मी सांगणार होतो. पण दिगंबर ढवळे माझा मित्र होता, आणि त्याच्या मुलीनं शेवटी ती परत आणून बसवली. चूक माणसाच्याच हातून होते. मी तिला माफ केलं आहे."

हॉलनं पुन्हा टाळ्या वाजवल्या. ह्या टाळ्या त्यांच्या मोठ्या मनाला होत्या. निम्मी डोकी मिक्सरच्या दिशेनं वळली.

माफ केलं! त्याला आता वीसेक वर्षं होऊन गेली. सर नाहीत, काकू नाहीत, गल्लीत माझं दुकानही नाही. पण तो शब्द आठवला की अजूनही माझ्या कानशिलांपर्यंत गरम होतं. मी टेबलाची कड धरून उभी राहिले. साउंडवाल्याच्या पुढ्यात दुसरा माईक पडला होता. हात लांब केला असता तर मिळाला असता.

स्टेजच्या कोपऱ्यात रूथकाकू उभ्या होत्या. त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. तेवढ्यात सरांची लहान नात धावत स्टेजवर चढली आणि सरांच्या मागे उभी राहून "आजोबा, आजोबा" करायला लागली. सर लोकांना हात जोडत राहिले. काकू पुढे झाल्या आणि त्यांचा खांदा धरून त्यांना हलकेच वळवलं.

मुनोतशेठ माझ्याकडे झुकले. त्यांचे डोळे चकाकत होते.

"ताई, म्हणजे तुम्ही खरंच उचलली होती चिप?"

मी मिक्सरमधून डब्याची वायर उपटली आणि हाताला गुंडाळायला लागले.

"दिली ना परत!" मी म्हटलं.